‘मुलगी एक-दोन वर्षं आजीकडे राहील’

तुझा प्रश्न वाचून दोन रात्री झाल्या. खोपोलीच्या ॲम्युझमेंट पार्कमध्ये राइड ऑपरेशन्सला चार वर्षं झाली, आता टीम लीडर आहेस, अबू धाबीहून ट्रेनरच्या जागेसाठी विचारणा आली आहे. पगार बरा आहे, नवरा तयार आहे. ‘मुलगी सहा वर्षांची आहे, ती एक-दोन वर्षं आजीकडे राहील,’ असं एका ओळीत लिहून पुढे विचारलंस की ताई, येऊ का, आणि तिथे फार एकटं वाटतं का.

मीही तिथलीच गं. 2013 मध्ये ते पार्क सुरू झालं त्याच वर्षी तिकीट खिडकीवर लागले, मग राइडवर गेले. 2016 मध्ये दुबईत एकामागून एक पार्क उघडत होती, तेव्हा जुलैत इकडे आले. माझी मुलगी पाच वर्षांची होती. तीही एक-दोन वर्षंच आजीकडे राहणार होती. पावणेतीन वर्षं राहिली.

व्हिसाची फी, मेडिकल, एमिरेट्स आयडी म्हणजे इथलं ओळखपत्र, हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते मी लिहीत नाही. तिथे जे सापडत नाही तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, नाव. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. काउंटरमागच्या माणसाला तीन शब्दांतले दोन वेगळे दिसतात, आणि त्याच्या लेखी ती बाईच वेगळी. मुलीच्या जन्मदाखल्यावर तर माझं नुसतं पहिलं नाव होतं. एका कागदावर टाइप करणाऱ्याने ‘सौ.’ हा नावाचाच भाग धरला होता, तेवढ्यासाठी एक अख्खी खेप आणि दीड महिना गेला. म्हणून सांगते, पदवीच्याही आधी लग्नाच्या दाखल्यावर शिक्के मारून घे. राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा, आणि इथे आल्यावर परत एक. राजपत्रात नाव छापून आलं असेल तर त्याच्या प्रती वेगळ्या ठेव. आणि सगळ्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग एकच आहे ना, हे बोट ठेवून, अक्षर अक्षर बघ.

माझ्या वेळी आणखी एक अडचण होती. बाईने नवऱ्याला आणि मुलांना आपल्या व्हिसावर आणायचं म्हटलं की तिचा हुद्दा बघायचे. डॉक्टर, शिक्षिका, इंजिनिअर असली तर जमायचं, राइड ऑपरेटर त्यात बसत नव्हती. 2019 मध्ये हुद्द्याऐवजी पगार बघायला लागले. तुला ती अडचण नाही. तरी ऑफर लेटरमध्ये ‘फॅमिली स्टेटस’ लिहिलं आहे की ‘सिंगल’, म्हणजे कुटुंबाला धरलं आहे की तुला एकटीलाच, आणि शाळेच्या फीसाठी काही धरलं आहे का, हे सही करण्याआधी वाच. तोंडी आश्वासनावर येऊ नकोस.

आता कामाचं. तुला वाटत असेल, काम तर येतंच. राइड येते, खरं आहे. पण इथे ट्रेनिंगच्या खोलीत बसलेल्या वीस मुलांत नेपाळचे, केनियाचे, फिलिपिन्सचे, इजिप्तचे, केरळचे असे सगळे असतात, आणि सगळे इंग्रजी बोलतात ती कुणाचीच घरची भाषा नसते. खोपोलीत मी मराठीत एकदा डोळे वटारले की पोरं समजायची. इथे ते चालत नाही. इथे हाताने शिकवायचं. आधी तू करून दाखव, मग दोघांनी मिळून करा, मग तो करेल आणि तू गप्प उभी राहा. तिसरी पायरी सगळ्यात अवघड, कारण हात पुढे जातोच.

लॅप बार, म्हणजे मांडीवरचा दांडा, खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा, मग बेल्ट ओढायचा. हे कुणीही पाच मिनिटांत शिकतं. पण दिवसाच्या तीनशेव्या फेरीला हात चालत असतो आणि डोळे काहीच बघत नसतात. त्यावर मी जपानी रेल्वेची रीत वापरते, बोटाने दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं. सीट एक, सीट दोन, मोठ्याने. सुरुवातीला मुलं लाजतात. आठवड्याने तेच सांगतात की ताई, म्हटलं नाही तर सीट बघितली की नाही तेच आठवत नाही. रोटेशन, म्हणजे जागांची अदलाबदल, वेळेवर झालंच पाहिजे, गर्दी कितीही असो. दमलेल्या माणसाला जागेवरून हलव, त्याला भाषण देऊ नकोस.

गर्दीचा हिशोब तुला पाठ असेल. ट्रेनमध्ये 24 माणसं, दर मिनिटाला एक डिस्पॅच, म्हणजे एक ट्रेन सुटली, की तासाला 1440. तोच डिस्पॅच दीड मिनिटावर गेला की 960. त्या 480 माणसांसाठी वरून फोन येतो. तेव्हा चेक करणाऱ्याला ‘आटप’ कधीच म्हणायचं नाही. वेळ वाचतो तो रांगेच्या तोंडाशी, चपला, पर्स, ओढण्या आधीच काढून घेतल्या आणि एकेकट्या माणसांनी रिकाम्या सीट भरल्या तर. खोपोलीत साडीचा पदर आणि मंगळसूत्र, इथे अबाया आणि डोक्याचा रुमाल, काम तेच. बाईचा बार बघायला बाई ऑपरेटर लागते, तेवढं रोस्टर लावतानाच बघ.

पहिल्या दिवशी मी एकच अपघात शिकवते. जून 2015, इंग्लंडमधलं ॲल्टन टॉवर्स पार्क, स्मायलर नावाची राइड. रुळावर एक रिकामी ट्रेन अडकली होती. यंत्रणेने पुढचा ब्लॉक, म्हणजे रुळाचा पुढचा टप्पा, अडवून मागची, माणसं भरलेली ट्रेन बरोबर थांबवली होती. रुळावर काही नाही असं समजून माणसांनी ती अडवणूक बाजूला सारली आणि ट्रेन सोडली. 16 जण जखमी झाले, दोघींचा एकेक पाय कापावा लागला. कंपनीला पुढच्या वर्षी 50 लाख पौंडांचा दंड झाला. मुलांना सांगते, यंत्र थांबलं म्हणजे ते बिघडलंच असं धरायचं नाही, ते काहीतरी सांगत असतं. आणि ई-स्टॉप, म्हणजे राइड तातडीने थांबवायचं बटण, दाबणाऱ्याला ओरडायचं नाही, चुकून दाबला असला तरी. एका नेपाळी मुलाने तिसऱ्याच दिवशी चाकाजवळ लोंबणारी ओढणी बघून दाबला. चाळीस मिनिटं राइड बंद, गेस्ट चिडलेले, सुपरवायझर लालबुंद. दुसऱ्या दिवशीच्या ब्रीफिंगला मी त्याला सगळ्यांपुढे उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

सांगलीकडच्या एका मुलाच्या ट्रेनिंग पास झाल्याच्या शीटवर मात्र मी सही केली नाही. दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा शेवटची रांग न बघता त्याने ‘सगळं ठीक’ म्हणून अंगठा वर केला. ‘ताई, आपण गावाकडचे ना, करा की,’ म्हणाला. घरी कर्ज होतं, मला माहीत होतं. प्रोबेशनमध्येच तो परत गेला. काही झालं की पहिल्यांदा तीच शीट बाहेर काढतात आणि त्यावर ट्रेनरची सही असते, हे त्याला समजावलं. माझं बरोबर होतं असं आजही वाटतं, आणि त्याचा चेहराही आजच्यासारखा दिसतो. ट्रेनर होणार आहेस, तर असा एकतरी वाट्याला येईल.

उंचीची पट्टी शिकवताना मी अर्धा तास घेते. दोन सेंटिमीटर कमी पडलेलं मूल रडतं आणि बाप भांडतो. आधी गुडघ्यावर बसायचं, मुलाच्या डोळ्यांसमोर यायचं, त्याच्याशी बोलायचं, बापाशी नंतर. दिवसाला शेकडो मुलं मी अशी मोजली. माझी मुलगी खोपोलीत वाढत होती. घराच्या चौकटीवर आजीने पेन्सिलने तिच्या उंचीच्या खुणा केल्या आहेत, बाजूला तारखा. त्यातल्या तीन तारखांना मी तिथे नव्हते.

2018 मधली गोष्ट. रेडिओवर निरोप आला, एक मुलगा हरवला आहे, चारेक वर्षांचा, ‘आय, आय’ एवढंच म्हणतोय, पुढचं वाक्यच बोलत नाही. मी गेले. दोन्ही ऑपरेटर अगदी शिकवल्याप्रमाणे खाली बसले होते, त्याला विचारत होते, ‘यू व्हॉट, डिअर?’ मी खाली बसून म्हटलं, आई कुठंय रे बाळा? त्याने माझ्या गळ्यालाच मिठी मारली. अकरा मिनिटांत आई सापडली, पुण्याची होती. त्याला सोपवलं आणि लॉकर रूममध्ये जाऊन घरी फोन लावला. इथे नऊ वाजले होते, तिकडे साडेदहा. मुलगी झोपली होती. आजी म्हणाली, उठवू का? मी नको म्हटलं.

हो, हेही लिहून ठेव, व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. दुसरी ॲप वापरावी लागतात, ती आजीला शिकवावी लागतात, आणि आजीचं नेट गेलं की गेलं.

एप्रिल 2019 मध्ये सासूबाई तिला घेऊन आल्या. विमानतळावर ती आधी आजीमागे लपली. मग आजीने ढकललं तशी पुढे आली आणि मला वाकून नमस्कार केला. पाहुण्या बाईला करतात तसा.

शाळेचं अजून माझ्या मनातून जात नाही. इथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतं. आपल्याकडे मराठी शाळेचा निकाल लागतो 1 मेला, दाखला त्यानंतर, आणि त्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. म्हणजे आम्ही शाळेच्या दारात निकालाशिवाय उभे. मग त्यांनी वीस मिनिटांची चाचणी घेतली, सगळी इंग्रजीत. वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेली पोर एक शब्द बोलली नाही. दुसरी पूर्ण करून आलेल्या मुलीला परत दुसरीत बसवलं. मी बाजूच्या खुर्चीत होते. एवढंच म्हणायला हवं होतं, की हाच प्रश्न तिला मराठीत विचारून बघा. परक्या मुलांशी कसं बोलायचं हे दिवसभर शिकवणारी मी, फी भरायची रांग बंद होईल म्हणून सही करून बाहेर आले.

आता ती चौदाची आहे. मार्क चांगले आहेत, अरबीही लिहिते. पण वर्गात ती सगळ्यांपेक्षा मोठी आहे आणि कुणी वय विचारलं की ती उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिले सहा महिने शेअरिंग रूम, कंपनीची बस, ड्युटी, झोप. त्यात फार विचार करायला वेळ मिळत नाही. मंडळं आहेत, गणपती बसतात, डब्याला पोळी-भाजीवाल्या काकू मिळतात. त्याची काळजी करू नकोस. काळजी करायची तर सुट्टीची कर. शनिवार-रविवार, ईद, दिवाळी, जेव्हा जेव्हा पोरांना सुट्टी तेव्हा तेव्हा आपल्याला गर्दी. मुलगी इथे आली तरी तिच्या सुट्टीत तू घरी नसशील, हे नवऱ्याशी आत्ताच बोल. त्याच्या नोकरीचे वार वेगळे असतील तर निदान एकजण घरी राहील.

नोकरी म्हणून विचारशील तर ये. अबू धाबीच्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड 2010 पासून आहे, 2023 मध्ये सीवर्ल्ड आलं, आणि डिस्नेनेही 2025 मध्ये तिथेच पार्क जाहीर केलं आहे. हात चांगला असलेल्या ट्रेनरला इथे काम कमी पडणार नाही.

फक्त जॉइनिंगची तारीख मागून घे. जानेवारीची मिळाली तर बघ. तीन महिन्यांत घर लावायचं आणि मुलीला मार्चअखेर आणायचं. तिच्या शाळेत आत्ताच अर्ज देऊन ठेव, की निकालपत्रक आणि दाखला लवकर हवा. मुख्याध्यापक ऐकतात, आधी सांगितलं तर. रोज थोडं इंग्रजी बोलून घे तिच्याकडून, नुसतं ‘माय नेम इज’ नाही, प्रश्न कळला नाही तर ‘परत सांगा’ कसं म्हणायचं ते शिकव. आणि तीन महिन्यांच्या पुढे तिला आजीकडे ठेवावंच लागेल असं दिसलं, तर ऑफरवर सही करायच्या आधी मला फोन कर. माझी शुक्रवारी सुट्टी असते.