वाचकांचे प्रश्न : उजेड दिसतोय, मग मी कितव्या पायरीवर?

प्रश्न : दोन वर्षं रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बसते. गेल्या महिन्यापासून डोळे मिटले की निळसर उजेड दिसतो, खूप शांत वाटतं. ग्रुपमधले म्हणतात योगसूत्रात सात पायऱ्या आहेत, तू चौथीवर तरी असशीलच. खरंय का? आणि तसं असेल तर उठल्यावर तासाभरात मी घरच्यांवर खेकसते ते कसं?

उत्तर : ग्रुपला म्हणावं जरा दमानं घ्या. सात हा आकडा खरा आहे, पण तो आलाय कुठे ते बघा ना. योगसूत्राच्या दुसऱ्या पादातलं, म्हणजे भागातलं, २६वं सूत्र म्हणतं की मधेच न तुटणारी विवेकख्याती (बघणारा आणि दिसणारं यातला फरक कळणं) हाच सुटकेचा उपाय, आणि २७व्यात ती ज्याला साधली त्याची प्रज्ञा, म्हणजे खोल समज, सात परींनी शेवटाला पोचते असं येतं. म्हणजे हे पहिली ते सातवी इयत्ता असं नाहीये, शाळा संपत आल्यावरचं बोलणं आहे. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रावरच्या जुन्या टीकेत, पहिली परी अशी की जे टाळायचं ते पूर्ण कळलं, आता कळायचं काही उरलं नाही. असं आपल्यापैकी कोण म्हणेल? पहिल्या चार परी प्रयत्नाच्या, पुढच्या तीन आपसूक होणाऱ्या, त्यातल्या एकीत सत्त्व, रज, तम हे गुण डोंगरकड्यावरून सुटलेल्या धोंड्यांसारखे थारा सुटून आपल्या मूळ कारणात विरतात.

उजेड खोटा म्हणत नाही मी. पहिल्या पादात ३६व्या सूत्रात 'ज्योतिष्मती' आहे, पण ती मन स्थिर करायच्या उपायांत, सर्टिफिकेट म्हणून नाही. आणि उजेड दिसला म्हणजे तो दृश्य झाला, बघणारा वेगळाच राहिला की! शांत वाटणं हीसुद्धा चित्ताचीच अवस्था. बुद्धी आणि पुरुष (म्हणजे आतला बघणारा) वेगळे आहेत हे लख्ख कळणं म्हणजे विवेकख्याती, आणि गंमत म्हणजे तीही चित्ताचीच वृत्ती म्हणून शेवटी तिचाही मोह सोडायचा असतो.

तुम्हाला खरं तर त्याच पादातली ४२ ते ४४ ही सूत्रं जास्त कामाची. भाष्यातलं उदाहरण गायीचं आहे. 'गाय' हा शब्द, समोर उभं असलेलं जनावर आणि आपल्या मनातलं गायीबद्दलचं ज्ञान, तिन्ही वेगळी, पण आपण ती एकच धरून चालतो. ध्यानात ती मिसळलेली असतील तर सवितर्क, शब्द आणि आठवणी गळून नुसती वस्तू उरली की निर्वितर्क. तेच सूक्ष्म विषयाबाबत झालं की सविचार, निर्विचार. आता तुम्ही तपासा, उजेड दिसतो तेव्हा आत 'निळा, छान, ग्रुपवर सांगते' अशी कॉमेंट्री चालू असते का? असणारच, माझीही असते, वीस वर्षं बसतोय तरी.

खेकसण्याचं म्हणाल तर चौथ्या पादात २७वं सूत्र बघा. चित्त विवेकाकडे झुकलं तरी मधल्या फटींमधून जुन्या संस्कारांमुळे दुसरे विचार डोकं वर काढतातच, आणि हे कैवल्याच्या, म्हणजे पूर्ण सुटकेच्या, उंबरठ्यावरच्या माणसाबद्दल लिहिलंय, आपण तर अजून रस्त्यावरच आहोत. पुढचं सूत्र सांगतं की क्लेश (अज्ञान, अहंकार, आसक्ती असे मनाचे मूळ दोष) घालवतात तसेच हेही घालवायचे, वेगळी युक्ती नाही. तर ध्यान वाया गेलं असं समजू नका, फक्त खेकसल्यावर 'मी एवढं ध्यान करते तरी!' हा जो दुसरा राग येतो ना, त्याच्याकडेही लक्ष ठेवा.