नववीच्या विद्यार्थ्यांना संशोधन प्रथमच शिकवायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात ग्रंथालयापासून नव्हे, तर मुलांनी नेहमी ऐकलेल्या पण कधीच न तपासलेल्या एखाद्या विधानापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. ‘झिरो माईल म्हणजे भारताचा मध्यबिंदू’ हे वाक्य नागपुरात प्रत्येकाला पाठ असते (झिरो माईल हा शहरातला ब्रिटिशकालीन दगडी स्तंभ). ते कोणत्या सीमा धरून म्हटले जाते आणि १९४७ च्या फाळणीनंतर ते गणित कसे टिकते, हे प्रश्न विद्यार्थ्यांनाच काढू द्यावेत. मग त्यांना प्रत्यक्ष तिथे न्यावे, म्हणजे स्तंभावर कोरलेली गावांची अंतरे ते स्वतः वाचतील आणि ही खूण सर्वेक्षणासाठी होती हे त्यांच्या लक्षात येईल. प्रत्येक नोंद कुठून घेतली, हे त्याच क्षणी वहीत लिहायला लावावे (ही सवय मागाहून लागत नाही). सादरीकरणाची घाई मात्र पहिल्या महिन्यात करू नये.