डॉक्टरांना विचारा: स्टेंट बसवला तरी नळी परत का बुजते?

प्रश्न: माझे अप्पा ६२ वर्षांचे, अशोक चौकाकडे आमचे पॉवरलूम आहेत. अडीच वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. शुगर जुनी आहे. आता जिना चढला की छातीत दाटतंय, परत अँजिओग्राफी केली तर स्टेंटच्या आतच नळी ७० टक्के बारीक झालीय म्हणाले. शेजारपाजारचे म्हणतात योजनेत लोखंडाचा स्वस्त स्टेंट टाकतात, तो आत गंजतो. पुण्यात आतेभावाला भारीतला टाकला, तो ठणठणीत आहे. पैसे वाचवायला गेलो आणि अप्पांच्या जिवावर बेतलं असं सारखं वाटतंय. आता कुठला स्टेंट मागायचा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, आधी ते गंजायचं मनातनं काढून टाका. स्टेंट म्हणजे हृदयाची नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, आणि कुठलाही स्टेंट साध्या लोखंडाचा नसतो. जुने स्टेंट स्टेनलेस स्टीलचे, आताचे बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमचे, काही प्लॅटिनम-क्रोमियमचे. आत जे भरतं ते आपल्याच शरीराचं असतं. अँजिओप्लास्टीत नळीत फुगा फुगवून जाळी भिंतीत दाबली की भिंतीला जखम होते, ती भरताना भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि जाळीच्या आत येतात. हे सहसा पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होतं. अप्पांचं अडीच वर्षांनी झालंय, म्हणजे स्टेंटच्या आत नवीन चरबीही साचलेली असू शकते, आणि तिथं धातूपेक्षा शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूचा हात मोठा असतो.

पण मटेरियलने काहीच फरक पडत नाही असंही नाही हं, पडतो आणि चांगलाच पडतो. १९७७ साली झुरिकमध्ये ग्रुंटझिग या डॉक्टरांनी पहिल्यांदा फुग्याने हृदयाची नळी उघडली तेव्हा स्टेंट नव्हताच, आणि नुसत्या फुग्यानंतर तीनातल्या एकाची तरी नळी काही महिन्यांत परत आवळायची. १९८६ ला फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये माणसात पहिले स्टेंट बसले, त्यामुळे नळीचं आवळणं थांबलं, तरी साध्या धातूच्या स्टेंटमध्ये २० ते ३० टक्के लोकांना पेशी वाढून परत ब्लॉकेज यायचंच. मग कुणाला वाटलं सोनं शरीराला त्रास देत नाही, तर स्टीलवर सोन्याचा मुलामा देऊ. २००० साली जर्मनीतल्या अभ्यासाचा निकाल आला तर सोन्याच्या मुलाम्यात ब्लॉकेज उलट जास्त! म्हणून म्हणतो, भारी किंमत बघून स्टेंट मागू नका.

खरी गंमत आहे ती तारेच्या जाडीत. तुमच्या घरी माग आहेत म्हणजे सुताच्या काउंटवर, म्हणजे जाडी-बारीकपणावर, कापडाचा पोत कसा बदलतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, इथंही तसंच आहे. २००१ च्या एका अभ्यासात दोन्ही बाजूंना स्टीलच होतं, फक्त एका स्टेंटची तार ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दुसऱ्याची १४०, तर बारीक तारेत सुमारे १५ टक्के लोकांना परत ब्लॉकेज आलं आणि जाड तारेत जवळजवळ २६ टक्के. जाड तार भिंतीला जास्त दुखवते, रक्ताच्या वाहण्यातही आड येते. कोबाल्ट-क्रोमियम आलं ते याच्यासाठी, तो धातू जास्त मजबूत असल्यामुळे तार ६०-८० मायक्रॉनपर्यंत बारीक काढता येते आणि तरी नळी धरून ठेवते.

त्यावर मग औषधाचा लेप आला, २००२ ला युरोपात आणि २००३ ला अमेरिकेत. ते सिरोलिमस औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं, ते हळूहळू सुटतं आणि पेशींची वाढ दाबून ठेवतं. यामुळे परत ब्लॉकेजचं प्रमाण बहुतेकांत १० टक्क्यांच्या खाली आलं. शुगरवाल्यांना मात्र धोका जास्तच राहतो, नळी बारीक किंवा ब्लॉकेज लांब असेल तर आणखी. त्यामुळे आतेभावाशी तुलना करायची तर त्याला शुगर आहे का, नळी केवढी होती, तेही बघायला लागेल. विरघळणारा स्टेंट पण आला होता, तार साधारण १५० मायक्रॉन जाड, त्यात गुठळ्या जास्त व्हायला लागल्या आणि २०१७ मध्ये त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या स्टेंटची विक्री कंपनीने बंद केली.

आता कामाचं. डिस्चार्जच्या फाईलमध्ये स्टेंटचं कार्ड असेल, त्यावर स्टिकर असतो. ३.० x १८ असं काही लिहिलेलं असेल तर नळीतली रुंदी ३ मिलिमीटर, लांबी १८. नावाशेजारी सिरोलिमस, एव्हरोलिमस किंवा झोटॅरोलिमस दिसलं म्हणजे औषधाचाच स्टेंट, योजनेतला म्हणजे साधाच असेल असं धरून चालू नका. आणि किमतीचं म्हणाल तर २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधी स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपयांची मर्यादा घातली, त्याआधी औषधी स्टेंटला लाखाच्या वर मोजणारी घरं होती.

डॉक्टरांना कुठला स्टेंट म्हणून विचारू नका, आधीचा का बुजला ते विचारा. नळीत बारीक कॅमेऱ्यासारखी तपासणी करता येते, ओसीटी किंवा आयव्हस म्हणतात, त्यात आधीचा स्टेंट पुरता उघडला होता की नाही ते दिसतं. नुसता अर्धवट उघडला असेल तर आत अजून एक स्टेंट घालून भागत नाही, आधी तो नीट उघडावा लागतो. नाहीतर औषध लावलेला फुगा किंवा दुसरा औषधी स्टेंट हे दोन मार्ग आहेत, फुग्यात आत धातूचा अजून एक थर पडत नाही. दोन-तीन नळ्या खराब असतील तर शुगरवाल्यांना बायपास जास्त टिकतो, तेही मोकळेपणाने विचारा. गोळ्या मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि बसल्याजागी छातीत दुखायला लागलं, घाम फुटला तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न: स्टेंट असताना गुडघ्याचा एमआरआय चालतो का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: चालतो. आताचे स्टेंट एमआरआयमध्ये सरकत नाहीत. कार्ड सोबत न्या आणि आत जायच्या आधी टेक्निशियनला दाखवा.