साहित्य सहज मिळत नसेल तर क्रोशाचा छंद कसा जोपासावा?

आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, क्रोशाला मुळात टोकाला आकडा असलेली एक सुई आणि एक सलग धागा एवढेच लागते; त्यामुळे मागवायचीच झाली तर ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीची एकच चांगली सुई मागवावी आणि धागा घरातून काढावा.

जुना स्वेटर हा सर्वांत उत्तम साठा होय. मात्र उसवण्यापूर्वी तो उलटा करून आतली शिवण पाहावी: कडा कापून ओव्हरलॉक केलेल्या (म्हणजे यंत्राने कडेवरून दोरा गुंफून शिवलेल्या) असतील, तर प्रत्येक ओळीला धागा तुटून हाती केवळ तुकडे येतात, आणि ते कळेपर्यंत अर्धी बाही उसवून झालेली असते (हे मी अनुभवाने सांगतो). शिवण साखळीसारखी सुटत असेल, तर भाग वेगळे करून वरच्या टोकाकडून उसवावे, निघालेल्या कुरळ्या धाग्याची लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली हलके वजन लटकवून वाळवावी, म्हणजे धागा बराचसा सरळ होतो.

जुन्या टी-शर्टची २ ते ३ सेंटिमीटर रुंदीची सलग पट्टी गोल गोल कापून ताणली की तिच्या कडा आत वळतात व जाड दोरा तयार होतो. त्याला ८ ते १० मिलिमीटरची सुई लागते, जी लाकूड तासून घरीही करता येते, फक्त टोकाचा आकडा पॉलिश पेपरने नीट गुळगुळीत करावा. शिवणाचा दोरा मात्र, कितीही पदरी घेतला तरी, सुरुवातीला टाळावा.