टाकीचं इंडिकेटर, ३२ पायांची आयसी अन् मोटारीचा स्टार्टर

प्रश्न : सर नमस्कार, घरच्या टाकीसाठी पाण्याचं लेव्हल इंडिकेटर बनवायलोय. आजवर अ‍ॅटमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्राम टाकायची चिप) ती २८ पायांची लांबडी आयसी झिरो बोर्डावर (भोकांच्या पट्टीवर) सॉकेटात बसवून भागायचं, यावेळी ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून घेतली तर घरी आलं चौकोनी ३२ पायांचं बारीक प्रकरण. नंबर तोच हाय. वापस करू का? प्रोग्राम नवा लिहावा लागल का?
– वाचक, सेलू, जि. परभणी

वापस नका करू दादा. आतली चिप तीच आहे, नुसता अंगरखा बदललाय, तुमची जुनी हेक्स फाइल (आयसीत टाकायची तयार प्रोग्राम फाइल) आहे तशी चालतीय. उलट दोन अ‍ॅनालॉग पिना जास्तीच्या मिळाल्या, ए६ अन् ए७. पण त्यांच्यावर फक्त अ‍ॅनालॉगरीड चालतं, बटण किंवा एलईडी लावायला जाऊ नका, तिथं डिजिटल काहीच नाही. अन् पायांचे नंबर सगळे वेगळे, जुना नकाशा बाजूला ठेवून डेटाशीट उघडा. यात व्हीसीसीच्या (सप्लायच्या) दोन पिना, ग्राउंडच्या तीन, शिवाय एव्हीसीसी (अ‍ॅनालॉग भागाचा सप्लाय) वेगळी, या सगळ्याच जोडायच्या, एक जोडली की झालं असं नसतंय. प्रत्येक सप्लाय पिनेला अगदी चिकटून एकेक १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कॅपॅसिटर.

लांबड्या आयसीत दोन पायांत २.५४ मिमी अंतर असतं, हिच्यात ०.८, म्हणजे झिरो बोर्डावर थेट बसणार नाही, अडॅप्टर पट्टी घ्या. त्या पट्टीच्या एका बाजूला बहुतेकदा ०.८ अन् दुसऱ्या बाजूला ०.५ असतं, आयसी ठेवून बघा मगच कावीया (सोल्डरिंग आयर्न) तापवा. आता खरी गोष्ट सांगतो, लोकं म्हणतात हात थरथरतो, बारीक दिसत नाही, पण माझ्या मते दहातले नऊ जण अडतात ते फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा पदार्थ) कमी लावल्यामुळं. मोबाइल रिपेअरवाले वापरतात तो सिरिंजमधला जेल फ्लक्स घ्या अन् पट्टीवर सढळ हातानं लावा, पत्र्याच्या कामाचं अ‍ॅसिड मात्र चुकूनबी नको, ते पुढं तांबं खातंय. कोपऱ्यावरचा ठिपका एक नंबरच्या खुणेशी जुळवा, समोरासमोरचे दोन कोपरे टाचून घ्या, चारी बाजू सरळ बसल्या का बघा, मग ३२०-३५० डिग्रीवर टोकावर थोडंसं सोल्डर घेऊन एका बाजूच्या सगळ्या पायांवरून सावकाश ओढत न्या. दोन पाय चिकटले तर चिकटू द्या, आणखी फ्लक्स अन् विक वायर (जादा सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी) लावा, निघून जातं. शेवटी आयसोप्रोपिलनं धुवून शेजारशेजारचे पाय मीटरच्या बीपवर तपासा, बीप वाजला तर ते दोन पाय नकाशात मुद्दामच जोडलेले आहेत का ते आधी बघा.

आता ही आयसी काढून प्रोग्रामरात (प्रोग्राम टाकायच्या यंत्रात) घालायची सोय गेली, म्हणून प्रोग्रामर जोडायला मिसो, मोसी, एससीके, रिसेट, ५ व्होल्ट अन् ग्राउंड अशा सहा तारा बाहेर काढायची जागा आधीच ठेवा. अन् नवी कोरी आयसी आतल्या घड्याळावर १ मेगाहर्ट्झनंच चालती. १६ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला प्रोग्राम तिच्यात टाकला तर एका सेकंदाला लुकलुकणारा एलईडी १६ सेकंद घेतो अन् माणूस म्हणतो आयसी डुप्लिकेट निघाली! क्रिस्टल (बाहेरचं घड्याळ) लावा, फ्यूज (आयसीतली सेटिंग) बदला. प्रोग्रामर सिग्नेचर (आयसीचा ओळख नंबर) जुळत नाही म्हणाला तर आयसीवर शेवटी पी आहे का बघा, ३२८पी ची सिग्नेचर १ई९५०एफ अन् नुसत्या ३२८ ची १ई९५१४.

प्रश्न : रिटायर शिक्षक आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांना सर्किटं शिकवतो. बारीक आयसीपासून सुरुवात करायची तर कोणती घेऊ? गरम हवेचं मशीन लागतंच का?
– वाचक, औसा, जि. लातूर

गुरुजी, मशीन नको. ८ पायांची अ‍ॅटटायनी ८५ घ्या, पायांत १.२७ मिमी अंतर असतं, साध्या कावीयानं पोरं पहिल्याच दिवशी लावतील. एकच सांभाळा, हिचं अंग रुंद असतं, ५.३ मिमी, अन् बाजारातल्या ८ पायांच्या बऱ्याच पट्ट्या ३.९ मिमीच्या अरुंद आयसीसाठी असतात, तिथं पाय पट्टीवर बसतच नाहीत. २०८ मिलची (५.३ मिमी) पट्टी मागा. सीएच३२व्ही००३ ही आयसी पण आजकाल लई स्वस्त मिळती, ३२ बिट, ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, पण तिला तुमचा यूएसबीएएसपी प्रोग्रामर चालणार नाही, तिचा लिंक-ई नावाचा प्रोग्रामर वेगळा घ्यावा लागतो. पोरांच्या गटासाठी तो एकदाचाच खर्च आहे, मला वाटतं दुसऱ्या वर्षी घ्या. आरपी२०४० ही आयसी सुट्टी मात्र आणू नका, ५६ पॅड सगळे पोटाखाली, अंतर ०.४ मिमी, वर प्रोग्राम ठेवायला फ्लॅश बाहेरून लावावी लागती. ती हौस असल तर तीच बसवलेला तयार पिको बोर्ड बरा.

प्रश्न : शेतातल्या मोटारीसाठी ऑटो स्टार्टर केला, आयसी एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणारी बारीक) आहे. कॉन्टॅक्टर (मोटार चालूबंद करणारा मोठा स्विच) पडला की प्रोग्राम लटकतो. एसएमडी नाजूक असती म्हणून होतंय का?
– वाचक, अंबड, जि. जालना

नाही भाऊ, तिच्यावर आळ घेऊ नका, बोर्डावर कॅपॅसिटर जवळ बसतो म्हणून या बाबतीत ती लांबडीपेक्षा बरीच. तुमच्या डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड आहे का? कॉन्टॅक्टरच्या कॉइलला आडवा आरसी स्नबर (रेझिस्टर अन् कॅपॅसिटरची जोडी) लावा, कॉइल ४१५ व्होल्टची असल तर स्नबरबी तेवढ्याचाच, अन् एसी कॉइलवर डायोड अजिबात नको. ३२८पी असल तर ब्राउनआउट (व्होल्टेज घसरलं की आयसी रिसेट करणारी सोय) कंपनीकडून बंदच येतो, ५ व्होल्ट अन् १६ मेगाहर्ट्झला तो ४.३ व्होल्टवर ठेवा, आपल्याकडं लाइट जशी खालीवर होती त्यात हे पाहिजेच. सोबत वॉचडॉग (प्रोग्राम लटकला की रिसेट करणारा टायमर) चालू करा. अन् हे सगळं मेन स्विच पाडून, टेस्टर लावून बघूनच, बोर्ड स्टार्टरच्या पेटीत न ठेवता वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात.