मैदानावरचे सवंगडी आणि मोठेपणीचा रक्तदाब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळा आणि शिकवणी संपली की तो मैदानावर पळतो आणि दिवेलागणीनंतरच घरी येतो. सुट्टीच्या दिवशी तर जेवायलाही दोन-तीनदा हाका माराव्या लागतात. पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा हे आतापासूनच बंद करावे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. लहानपणी मित्रांत वेळ घालवणाऱ्यांचा रक्तदाब पुढे कमी राहतो, असे मी मध्यंतरी वर्तमानपत्रात वाचले. हे खरे आहे, की ती नुसतीच सुखावणारी बातमी आहे?
— एक आई, नाशिक

उत्तर : बातमीमागे खरे संशोधन आहे, परंतु बातमीत सहसा त्याचा निष्कर्षच येतो आणि तो कसा काढला हे गळून पडते, म्हणून आधी तेवढे सांगतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात सार्वजनिक शाळांमधील मुलग्यांचा दीर्घकालीन अभ्यास १९८७ मध्ये सुरू झाला. या अभ्यासाचा मूळ हेतू मुले गुन्हेगारीकडे कशी वळतात हे समजून घेण्याचा होता. हृदयाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. मात्र मुलगा आठवड्यात मित्रांबरोबर साधारण किती वेळ असतो, हा प्रश्न पालकांना वर्षानुवर्षे विचारला गेला होता आणि त्याची उत्तरे जपून ठेवलेली होती. पुढे जेनी कंडिफ आणि कॅरेन मॅथ्यूज या दोन संशोधिकांनी त्यांतील २६७ जणांची सहा ते सोळा या वयातली ही माहिती काढली आणि तेच मुलगे ३२ वर्षांचे झाल्यावर मोजलेल्या रक्तदाबाशी व वजनाशी ती ताडून पाहिली. लहानपणी मित्रांत अधिक वेळ घालवलेल्यांचा रक्तदाब सरासरीने कमी होता आणि उंचीच्या मानाने वजनही कमी होते. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे कोणीही शंका घेईल की, मुळातच सुदृढ, बडबड्या आणि खात्यापित्या घरातल्या मुलांना मित्र अधिक मिळतात, आणि तीच मुले पुढेही निरोगी राहतात. मग मैत्रीचे श्रेय ते कसले? संशोधिकांनाही ही शंका होतीच. म्हणून लहानपणचे वजन व प्रकृती, घरची आर्थिक स्थिती, स्वभावातला मोकळेपणा किंवा तापटपणा आणि मोठेपणी असलेला गोतावळा या बाबी हिशेबात घेऊनही त्यांनी पडताळणी केली, तरी संबंध टिकून राहिला. तरीसुद्धा हा प्रयोग नव्हे. शंभर मुलांना मित्र द्यायचे आणि शंभरांना द्यायचे नाहीत, असा प्रयोग कोणी करू शकत नाही आणि करूही नये. त्यामुळे ‘मित्रांमुळे रक्तदाब कमी राहतो’ असे छातीठोकपणे म्हणण्याऐवजी ‘या दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात आणि त्याची सहज सुचणारी इतर कारणे पुरी पडत नाहीत’ इतकेच म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे.

यामागे शरीरात काय घडत असावे, याचा काही अंदाज बांधता येतो. भीती, अपमान किंवा परीक्षा समोर आली की अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, ठोके जलद होतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. हे अधूनमधून घडले तर शरीर ते सहज पेलते. वर्षानुवर्षे रोज घडत राहिले, तर रक्तवाहिन्या कडक होत जातात. योगायोग असा की, १९९० मध्ये पिट्सबर्गमध्येच झालेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन तरुणींना डोके शिणवणारी कामे दिली होती, काहींना एकटीने आणि काहींना मैत्रीण जवळ असताना. मैत्रीण जवळ असलेल्यांच्या हृदयाचे ठोके तुलनेने कमी वाढले. ज्या मुलाला शाळेतली बोलणी खाल्ल्यावर संध्याकाळी कट्ट्यावर तो प्रसंग हसून सांगता येतो, त्याच्या शरीराला या विसाव्याची सवय लागत असावी, असे मला वाटते.

आता यजमानांच्या म्हणण्याविषयी. दहावीच्या वर्षी मुलाचे खेळणे बंद केलेली घरे मी बरीच पाहिली आहेत; वाचवलेला तो तास अभ्यासाकडे गेल्याचे मात्र क्वचितच पाहिले आहे, तो बहुधा मोबाइलकडे जातो. पाच ते सतरा या वयातील मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे अंगाला व्यायाम होईल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि आपल्या मुलाचे ते काम मैदानावर आपोआप होत आहे. वेळेची मर्यादा जरूर घाला, घरी येण्याची वेळ ठरवून द्या, पण मैदान बंद करू नका.

प्रश्न : वडिलांची नोकरी बदलीची असल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी माझी शाळा बदलत असे. कुठेच मैत्री टिकली नाही आणि पुढे ती करण्याची सवयही राहिली नाही. आज माझे वय ४६ आहे. कंपनीच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब १४८/९४ निघाला. याचे मूळ माझ्या बालपणात आहे का? असल्यास आता काही उपाय उरला आहे का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : आपल्या पत्रातील दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकणार नाही. वरील अभ्यास शेकडो जणांच्या सरासरीविषयी बोलतो. त्यावरून एका माणसाच्या रक्तदाबाचे मूळ शोधता येत नाही. आई-वडिलांपैकी कोणाला रक्तदाब होता का, पोटाचा घेर किती वाढला आहे, रात्री जोरात घोरणे आणि दिवसा पेंग येणे असा प्रकार आहे का, मद्य किती घेता, सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेता का, आणि ताटात लोणचे, पापड व फरसाण किती असते, हे प्रश्न मी आपल्याला आधी विचारेन.

त्याहूनही आधी, एकाच मोजणीवर विसंबू नका. कंपनीच्या तपासणीत रांगेत उभे राहून, घाईने आणि धास्तीने मोजलेला रक्तदाब पुष्कळदा चढलेला येतो. दंडाला पट्टा बांधण्याचे स्वयंचलित यंत्र घेऊन आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजावा. त्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी किंवा धूम्रपान नको, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर असावा, आणि मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध सुरू करावे लागले तर ते सुरू करावे. मैत्री हा गोळीला पर्याय नाही, हे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण अशा बातम्या वाचून औषध सोडणारे रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांची, म्हणजे तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा भक्कम सामाजिक संबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. आणि ही माहिती प्रौढांच्या संबंधांविषयीची होती, बालपणाविषयीची नव्हे. याउलट एकटेपणा आणि एकाकीपणा यांमुळे हृदयविकाराचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक दिसतो, असे २०१६ मधील एका एकत्रित विश्लेषणात आढळले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी ‘मित्र करायचे’ असे ठरवून बसले की संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. म्हणून मित्र शोधू नका, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी तीच माणसे भेटतील असे एखादे काम शोधा : सकाळची टेकडी, भजनी मंडळ, गिरिभ्रमणाचा गट, ग्रंथालयाची कार्यकारिणी. ओळखीची मैत्री व्हायला वेळ लागतो, आणि लहानपणी आपल्याला मिळाला नाही तो नेमका हा एका जागी राहण्याचा वेळच होता.

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची आहे. तिला एकच मैत्रीण आहे, बाकी वेळ ती चित्रे काढत बसते. तिला चार मुलींत मिसळायला लावावे का?
— एक आजोबा, मडगाव

उत्तर : पिट्सबर्गच्या अभ्यासात फक्त मुलगे होते, त्यामुळे तो आपल्या नातीला जसाच्या तसा लावता येत नाही. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलामुलींचा अभ्यास अधिक उपयोगाचा ठरेल. त्यात बालपणी एकाकी राहिलेल्यांमध्ये २६ व्या वर्षी जादा वजन, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांसारख्या धोक्याच्या खुणा अधिक दिसल्या, आणि आयुष्याच्या जितक्या टप्प्यांवर एकाकीपणा वाट्याला आला, तितके आरोग्य खालावलेले होते. पण तेथे प्रश्न इतर मुले ज्याला जवळ करत नाहीत अशा मुलाचा होता. आपल्या नातीला जवळची मैत्रीण आहे आणि ती स्वतःच्या आवडीने कागदापाशी बसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शिवाय घोळक्यातली प्रत्येक मैत्री हितकर असतेच असे नाही. दिवसभर दंडाला यंत्र बांधून केलेल्या एका अभ्यासात, ज्यांच्याविषयी माया आणि धास्ती दोन्ही वाटतात अशा माणसांच्या सहवासात रक्तदाब चढलेला आढळला. नातीला ढकलू नका. मात्र ती एकुलती मैत्रीण शाळा सोडून गेली, किंवा नात शाळेत जायलाच टाळू लागली, जेवण-झोप बिघडली, तर आई-वडिलांनी वर्गशिक्षिकेशी बोलावे आणि गरज पडल्यास समुपदेशकाला भेटावे. तोवर त्या दोघींना आपल्या घरी खेळायला बोलावत राहा, एवढे पुरे.

प्रश्न : आपण मैत्रीचे गुण गाता, पण माझ्या मुलाला पहिली सिगारेट मित्रांनीच दिली. त्याचे काय?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदयरोग अभ्यासातही खरी ठरली : बारा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्यावर, मित्राला लठ्ठपणा आल्यास स्वतःलाही तो येण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु याच लोकांमध्ये धूम्रपान सोडणेही घोळक्याघोळक्याने झालेले दिसले. म्हणून मुलाला त्या मित्रांपासून तोडण्याचा हुकूम सोडण्याआधी, त्यांच्यात न ओढणारा किंवा सोडू पाहणारा कोण आहे, हे मुलाला विचारा आणि त्याला घरी चहाला बोलवा. सिगारेट रोजची झाली असेल, तर १८००-११-२३५६ या शासनाच्या निःशुल्क तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर मुलाने स्वतः बोलावे.