जुन्या किटमधली जहाजं : वाचक विचारतात

गेल्या अंकात जुन्या किटमधून जहाजांची मॉडेल्स बांधण्यावर लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे एका अंकात घेणं शक्यच नाही. ज्यांचं काम अडून बसलंय त्यांचे आधी घेतलेत.

प्रश्न : ताई, बाबांनी खूप वर्षांपूर्वी आणलेलं रेव्हेल कंपनीचं, कटी सार्क या शिडाच्या जहाजाचं मोठं किट, १/९६ स्केलचं (म्हणजे खऱ्याच्या ९६ पट लहान), कपाट आवरताना सापडलं. एकही पार्ट तोडलेला नाही. मला बांधायचंय पण भाऊ म्हणतो असं न बांधलेलं किट कलेक्टर लोक विकत घेतात, हात लावू नकोस. काय करू?

उत्तर : बांधा. रेव्हेलने हे किट १९५९ साली काढलं आणि नंतर त्याच साच्यांमधून कितीतरी वेळा नव्या खोक्यात घालून परत विकलं, त्यामुळे आतलं प्लास्टिक काही दुर्मिळ नाही. कलेक्टर पैसे मोजतो ते जास्त करून जुन्या खोक्याचे आणि त्याच्या अवस्थेचे, तर खोकं नीट जपून ठेवा आणि जहाज बांधा. आणि बंद ठेवलं म्हणजे सगळं टिकतं असंही नाहीये, धागा आतल्या आत कुजतो, डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं नि नंबर) पिवळी पडतात, बारीक डोलकाठ्या इतर पार्टच्या वजनाखाली वाकतात. बाबांनी ते बांधायलाच आणलं होतं ना?

सुरुवातीला सूचनांचा कागद आणि डेकल्सचं शीट स्कॅन करून घ्या, कारण जुना कागद घडीवर फाटतो आणि ऐनवेळी नेमका तोच भाग लागतो. मग पार्ट मोजा, पण स्प्रूवरून (पार्ट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या फ्रेमवरून) तोडू नका, बऱ्याच किटमध्ये नंबर स्प्रूवरच असतात, एकदा सुटे केले की पन्नास सारख्या दिसणाऱ्या कप्प्या (दोरांच्या छोट्या पुल्या) नुसत्या हातात राहतात. सगळ्या फ्रेम्स कोमट पाण्यात साबण घालून धुवा, साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर असतो आणि त्यावर रंग धरत नाही.

या जहाजाचं एक बरं आहे, खरं जहाज अजून आहे. १८६९ साली पाण्यात उतरलं, आता लंडनमधल्या ग्रीनिचला उभं आहे, २००७ मध्ये आग लागली होती, मग दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये परत खुलं झालं आणि तेव्हा ते साधारण तीन मीटर वर उचलून ठेवलंय, लोक त्याच्या तळाखालून चालतात. म्हणजे तळाचे फोटो भरपूर मिळतात, जे बाकी जहाजांच्या बाबतीत सहसा मिळत नाहीत. आणि तळ तांब्यासारखा लालसर रंगवू नका. त्यावर मुंट्झ मेटलचे पत्रे होते, साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त, म्हणजे रंग पितळेकडे झुकणारा.

प्रश्न : हलचे (जहाजाच्या धडाचे) दोन अर्धे भाग एकमेकांना लागतच नाहीत. नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) जुळवलं की मागे बोटभर फट, मागे जुळवलं की नाळ उघडते. टेप लावून रात्रभर ठेवलं तरी तेच. कंपनीची चूक आहे का?

उत्तर : चूक असेलच असं नाही, प्लास्टिक वर्षानुवर्षं एका बाजूला दाबून राहिलं की वाकतं. आणि नुसती टेप लावून ते सरळ होत नाही, टेप काढली की मूळपदावर येतं. जुन्या किटमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पॉलिस्टायरीन साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, त्यामुळे उकळतं पाणी अजिबात नको, त्यात हल एका क्षणात पिळवटून जातो आणि मग काहीच करता येत नाही. ६०-७० अंशांचं पाणी घ्या, जाड रबरी हातमोजे घाला, अर्धा भाग मिनिटभर बुडवा, बाहेर काढून हव्या त्या दिशेला थोडासा जास्तच वाकवा कारण तो थोडा परत येणारच, आणि तसाच धरून गार पाण्यात. एका वेळी थोडंच. चार-पाच वेळा करावं लागलं तरी करा. टेबलावर सपाट ठेवून कुठे उचलतोय ते बघत राहा.

मग आतल्या बाजूने कडेला जुन्या स्प्रूचे किंवा प्लास्टिक शीटचे छोटे तुकडे चिकटवा, असे की निम्मा तुकडा कडेच्या बाहेर येईल. दुसरा अर्धा भाग त्या तुकड्यांवर येऊन बसतो आणि वरखाली सरकत नाही. ग्लू सगळीकडे एकदम लावू नका. नाळेपासून चार-पाच सेंटिमीटर लावा, दाबून धरा, टेप, आणि सुकू द्या. मग पुढचे चार-पाच. हे कंटाळवाणं आहे मान्य आहे पण वाकलेल्या हलला दुसरा उपाय नाही, कारण एकाच वेळी सगळी लांबी ताणात असली की कुठेतरी एक जागा सुटतेच.

डेक मात्र आधी कोरडा बसवून बघा, ग्लू लावायच्या आधी. हल पूर्ण बंद केल्यावर डेक आत जात नाही असं बऱ्याच जुन्या किटमध्ये होतं. मधे हल आत दबलेला असेल तर आडवी पट्टी घालून तो डेकच्या रुंदीइतका फाकवून ठेवा.

आणि घासायची घाई नको. पातळ ग्लू प्लास्टिक विरघळवून जोडतो, आतला सॉल्व्हंट उडून जाईपर्यंत जोड मऊ असतो. त्याच दिवशी घासला तर हाताला गुळगुळीत लागेल, रंगही छान बसेल, आणि काही आठवड्यांनी रंगाखाली एक बारीक खोलगट रेघ उमटेल कारण तिथलं प्लास्टिक सुकताना आक्रसलं. दोन दिवस तरी थांबा, मोठ्या हलला त्याहून जास्त. मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यासोबत, मग ६००, मग १०००.

प्रश्न : डेकल्स पिवळी पडलीत आणि एक पाण्यात टाकलं तर त्याचे तुकडे तुकडे झाले. बाकीची वाचतील का?

उत्तर : बहुतेक वाचतील. आधी स्कॅन केलं नसेल तर आत्ता करा. पिवळेपणासाठी शीट पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला, छापील बाजू उन्हाकडे करून चिकटवा. उन्हाने पिवळा थर फिका होतो, आठवडे लागतात, आणि खूप जुन्या शीटवर पूर्ण जाईलच याची खात्री नाही.

तुकडे होण्यावर उपाय वेगळा. वरचा थर तडकलेला असतो, म्हणून पाण्यात घालायच्या आधी त्यावर ग्लॉस क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात मारा आणि पूर्ण दिवस सुकू द्या. आता सगळ्या शीटवर एकसंध थर झालाय, म्हणजे प्रत्येक डेकल अगदी कडेला लागून कापावं लागेल, नाहीतर भोवती चमकदार चौकोन दिसतो. पहिलं डेकल न लागणारं घ्या, बहुतेक शीटवर जादा नंबर असतात. उलगडलं पण चिकटत नसेल तर खाली पातळ केलेल्या पांढऱ्या ग्लूचा एक थेंब. आणि काहीच जमलं नाही तर तुम्ही केलेल्या स्कॅनवरून डेकल पेपरवर छापता येतं, फक्त घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते म्हणून पांढरा भाग असेल तिथे पांढऱ्या पाठीचा कागद घ्या.

प्रश्न : माझ्याकडे मिझूरी युद्धनौका १/५३५, एक एअरफिक्सची १/६०० आणि एक जपानी १/७००. शेजारी ठेवल्या की काहीच ताळमेळ नाही. असे विचित्र आकडे का?

उत्तर : १९५० च्या दशकात रेव्हेलसारख्या कंपन्या आधी खोक्याचं माप ठरवायच्या आणि त्यात बसेल एवढं जहाज करायच्या, स्केल जो निघेल तो. १९५३ चं मिझूरीचं किट तसंच १/५३५ झालं. एअरफिक्सने युद्धनौकांसाठी १/६०० धरून ठेवला. १/७०० चं बस्तान बसलं ते १९७१ नंतर, शिझुओकातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी जहाजं आपसात वाटून घेऊन वॉटरलाइन सिरीज (पाण्याच्या वर दिसतो तेवढाच भाग असलेली मॉडेल्स) काढली तेव्हा. तुमच्या तीन नौका वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, प्रश्न मिटला.

प्रश्न : मी नववीत आहे. मामाने लहानपणी अर्धवट बांधलेलं जहाज मला दिलंय. सगळीकडे ग्लूचे डाग आहेत आणि रंग इतका जाड की रेलिंग दिसत नाही. टाकून देऊ का?

उत्तर : नको रे मित्रा, मामाचं जहाज टाकायचं नाही. जुने जोड उघडायला ते पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेव. ट्यूबमधला जुना ग्लू थंडीने ठिसूळ होतो आणि बऱ्याचदा अलगद पीळ दिला की जोड टक्कन सुटतो. सुटला नाही तर जोर करू नको, तसाच राहू दे.

रंगाचं म्हणशील तर हिशेब करून बघ. १/६०० स्केलवर ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या जहाजावर सहा सेंटिमीटरचा लेप, त्यात रेलिंग काय नि खिडक्या काय, सगळंच बुजणार. अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने निघतो, खिडकी उघडी ठेवून आणि घरातलं कोणीतरी मोठं बरोबर असताना कर. जुना एनॅमल त्याला सहसा दाद देत नाही, त्याला कॉस्टिक असलेला ओव्हन क्लीनर लागतो आणि ते काम तू नाही, मामाने हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. अ‍ॅसिटोन कधीही नाही, प्लास्टिकच विरघळेल. आणि जुना रंग कोरडा घासू नको, जुन्या रंगांत शिसं असू शकतं, नेहमी ओला करूनच घास.

प्रश्न : ताई, वय अडुसष्ट. हात थोडे थरथरतात. शिडाचं जहाज अर्धं झालंय, पण दोरखंडांचा नकाशा बघूनच धीर सुटतो. सगळे दोर लावायलाच हवेत का?

उत्तर : काका, अजिबात नाही. डोलकाठ्यांना उभं धरून ठेवणारे दोर आधी लावा, पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. तेवढ्यावर जहाज पूर्ण वाटतं. शिडं हलवायचे दोर त्यानंतर, जमतील तितके. त्यातही जे दोन टोकांना सहज पोचतात तेच घ्या.

माझं ठाम मत आहे की जाड दोर लावण्यापेक्षा दोर न लावलेला चांगला. १/९६ वर एक इंच जाडीचा दोर पाव मिलिमीटरचा होतो, आणि जुन्या किटमधला धागा सगळ्या जागी एकच, बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट आणि वर लव आलेला. तो बाजूला ठेवा. पॉलिस्टरचा बारीक धागा घेऊन मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढा, लव बसते आणि गाठही धरते. युद्धनौकांना तर तेवढंही चालत नाही, माणसाचा केस १/६०० वर चार सेंटिमीटरचा दोर होतो. तिथे स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर लांब धरून मऊ झाला की ओढायचा, केसाहून बारीक तार निघते.

थरथरीसाठी दोन्ही मनगटं टेबलावर टेकवा, जहाज उंच ठोकळ्यावर घ्या म्हणजे हात हवेत राहत नाहीत, आणि सुपरग्लू बाटलीतून न लावता सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन लावा. आतले दोर आधी, बाहेरचे नंतर, नाहीतर लावलेल्यातच बोटं अडकतात. रोज दोनच दोर लावले तरी चालतील, जहाजाला कुठे जायचंय.

प्रश्न : मित्र म्हणतो माझी टायटॅनिक ‘चुकीची’ आहे आणि व्हिक्टरीचा पिवळा रंगही. आता परत रंगवू?

उत्तर : मित्राचं म्हणणं माहितीच्या दृष्टीने बरोबर असू शकतं. टायटॅनिकच्या ए डेकचा (वरच्या एका मजल्याचा) पुढचा अर्धा भाग बंदिस्त होता आणि तिच्या जोडीच्या ऑलिम्पिक जहाजाचा पूर्ण उघडा, तुमच्या किटमध्ये तो पूर्ण उघडा असेल तर ती ऑलिम्पिक जास्त आहे. नेल्सनच्या व्हिक्टरीचं म्हणाल तर रंगांच्या जुन्या थरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये ते जहाज ट्रफाल्गरच्या लढाईच्या (१८०५) काळातल्या, बऱ्याच फिक्या रंगात रंगवलं. त्याआधीच्या किटच्या कागदात गडद पिवळा असणारच, तेव्हा खरं जहाजही तसंच दिसत होतं.

बांधून झालेलं परत रंगवू नका. तुमचं मॉडेल ते किट निघालं तेव्हाच्या माहितीवर उभं आहे आणि जुनं किट बांधण्यातली गंमत मला तरी त्यातच वाटते. ज्याला प्रत्येक खिडकी बरोबर हवी त्याने नवीन किट घ्यावं. जुन्या किटमध्ये मी तीनच गोष्टींवर जीव टाकते, हलचा जोड दिसू नये, डोलकाठ्या समोरून बघितल्या तर एका रेषेत याव्यात आणि पाण्याची रेघ (तळाचा आणि वरचा रंग मिळतात ती) सरळ असावी. हातभर अंतरावरून डोळा तिथेच जातो.

प्रश्न : जुनं लाकडी किट, सोबत धातूच्या तोफा आणि नांगर. त्यावर पांढरी भुकटी आलीये. पुसून वापरू?

उत्तर : नका वापरू. कागदावर ओढून बघा, पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ते बहुधा शिसं आहे. लाकडातून, विशेषतः ओकमधून, आणि काही ग्लूमधून आम्लाची वाफ निघते, तिने शिसं गंजून ही भुकटी होते, आणि एकदा सुरू झालं की पुसलं तरी आतून चालूच राहतं. भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, ब्रशने झटकू नका, हातमोजे घालून ओल्या कागदाने उचला, पिशवीत बंद करा आणि मुलांपासून लांब ठेवा. मापं घेऊन तोफा पितळेच्या किंवा शिसं नसलेल्या प्यूटरच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) बदला. जहाजावर आधीच बसवलेले शिशाचे भाग चांगल्या अवस्थेत असतील तर जहाज ठेवायच्या पेटीला हवा खेळायला भोकं ठेवा आणि पेटी ओकची करू नका.